पिकअपच्या हौद्यात इंधनाचे कॅन कसे बांधावेत?

धुरळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे उघड्या हौद्याची डिझेल पिकअप आहे. लवकरच एका लांबच्या आडवाटेच्या प्रवासाला निघायचंय. मधला मोठा टप्पा पंपाशिवायचा आणि रस्ता म्हणजे नावालाच रस्ता. म्हणून २० लिटरचे चार कॅन सोबत न्यायचे ठरवलंय. तीन डिझेलचे, एक पेट्रोलचा (जनरेटरसाठी). हौद्यात प्लास्टिकचं लायनर बसवलेलं आहे, चार कोपऱ्यांत चार कड्या आहेत. केबिनच्या मागे अवजारांची पेटी बोल्ट केलेली असल्यामुळे पुढची जागा गेली. राहता राहिला फाळक्याकडचा (मागच्या झडपेकडचा) भाग.

बेत असा: चारही कॅन फाळक्याला टेकवून ओळीने उभे करायचे आणि वरून एक रॅचेट बेल्ट आडवा घेऊन करकचून आवळायचा. बायकोचं म्हणणं, "एवढं सोपं असतं तर सकाळपासून हौद्याकडे बघत उभा राहिला नसतास."

तर एक बेल्ट पुरे का? कॅन लोखंडी घ्यावेत की प्लास्टिकचे? वेगळी चौकट करून घ्यायची गरज आहे का? अनुभवी लोकांनी लिहावं.

ताशी_तीस

जागा धरून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

तिरकस

ताशी_तीस यांची रात्र कधी होते ते अजून कुणी पाहिलेलं नाही. धुरळासाहेब, तोवर वहिनींनाच विचारा, त्यांना उत्तर माहीत दिसतंय.

अक्षांश

फाळका सोडून कुठेही. मागून कुणी ठोकलं तर पहिला चेपणारा भाग तोच. शिवाय मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतो तोही तोच. पेटी काढा, मागे सरकवा, काहीही करा, पण कॅन केबिनच्या भिंतीला चिकटवून घ्या. पेटीतले पाने सांडले तर वेचता येतात.

आणि उभेच ठेवा, तोंड वर. आडवा कॅन म्हणजे सगळी भिस्त झाकणाच्या वायसरवर.

सव्वाशेर

इतका बाऊ कशाला? मी कित्येक वर्षं दोन कॅन रबरी बंजीने फाळक्यापाशीच बांधून फिरतोय. आजवर काही झालेलं नाही. पूर्वी लोक सुंभाने बांधून न्यायचे, तेव्हा कोण हिशेब करत बसलं होतं?

तिरकस

'देव तारी त्याला कोण मारी' हे तुमच्या गाडीच्या मागेच रंगवलेलं असणार. मागच्या गाडीवाल्याला वाचायला मिळत असेल एवढ्या जवळून येऊ देऊ नका म्हणजे झालं.

वंगण_काका

सव्वाशेर, बंजी कॅनला धरून ठेवत नाही, कॅनबरोबर ताणली जाते. कॅन हलला की तीही हलते, परत येताना त्याला हिसका देते. आणि ताणलेल्या बंजीचा हूक निसटला तर तो डोळ्याच्या उंचीला येतो. ताडपत्रीच्या कडा धरायला बंजी छान, २० किलोच्या वस्तूला नाही.

आता धुरळा यांच्या प्रश्नाकडे. थोडा हिशेब मांडतो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

डिझेलचं वजन लिटरला साधारण ०.८४ किलो, पेट्रोलचं ०.७४. लोखंडी कॅन स्वतः चारेक किलोचा. म्हणजे डिझेलचा भरलेला कॅन २१ किलो, पेट्रोलचा १९. चार मिळून ८२ किलो. माल बांधण्याचं युरोपियन मानक (ईएन १२१९५) सांगतं की ब्रेक मारल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाईल असं धरून चाला, बाजूला आणि मागे ०.५ पट. अमेरिकेत ट्रकसाठीच्या नियमांतही हेच आकडे आहेत. म्हणजे जोराच्या ब्रेकला तुमचे कॅन ६६ किलोच्या जोराने केबिनकडे निघणार.

तुमच्या बेतात त्यांना पुढून अडवणारं काहीच नाही. सगळं काम घर्षणाचं. गुळगुळीत प्लास्टिकवर धूळ बसली की घर्षणांक ०.२ धरावा. मग ६६ किलो रोखायला कॅन एकूण ३२८ किलोने खाली दाबले गेले पाहिजेत. त्यातले ८२ त्यांचे स्वतःचे, उरलेले २४६ बेल्टने द्यायचे. एवढ्या दाबाने प्लास्टिकचे कॅन तिथल्या तिथे चेपतील. तेच खाली घसरणरोधक रबरी मॅट टाकली तर घर्षणांक ०.६ धरता येतो आणि बेल्टने द्यायचा दाब येतो २७ किलोवर. एका मॅटने एवढा फरक पडतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी अडवायचं, मग बसवायचं, बांधायचं सगळ्यात शेवटी. पुढे भिंत, तिन्ही बाजूंना अडसर, खाली मॅट. मग बेल्टला एकच काम उरतं, कॅन वर उडू न देण्याचं. ते एक बेल्ट आरामात करतो, तरी मी दोन लावतो.

अक्षांश

काका, दंडवत. एक पुरवणी जोडतो. खडखड रस्त्यावर घर्षणाचा हिशेब गुंडाळून ठेवावा लागतो. हौदा खाली जातो आणि कॅन क्षणभर अधांतरी असतो, तेव्हा खाली मॅट असली काय नि नसली काय. त्याच क्षणी तो बोटभर सरकतो, पुढच्या गचक्याला आणखी बोटभर. म्हणून अडसर दोन बोटांच्या पट्टीचा नको, कॅनच्या निदान एक तृतीयांश उंचीचा हवा.

वंगण_काका

बरोबर. अर्ध्या उंचीचा असेल तर आणखी उत्तम.

शंकासूर

बाळबोध शंका. गाडी ठोकली गेली तर ०.८ पट कुठे राहणार?

वंगण_काका

नाहीच राहणार. ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये थांबली तर जोर वजनाच्या १३ ते २० पट होतो. २१ किलोचा कॅन त्या क्षणी ४०० किलोसारखा वागू शकतो. ०.८ चा हिशेब ब्रेक आणि वळणांसाठी. ठोकरीच्या वेळी कामाला येते ती केबिनची भिंत, आणि तीही कॅन तिला आधीपासून टेकलेला असेल तरच. मध्ये वीतभर मोकळी जागा असली की तो तेवढ्या अंतरात वेग घेऊन आदळतो. केबिनच्या आत कॅन ठेवू नये याचं हे एक कारण. दुसरं वाफ.

नटबोल्ट

माझं कामच चौकटी करायचं आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोक येतात आणि म्हणतात, "दणकट करा." आणि मग दणकट म्हणजे एवढं लोखंड की नाकापेक्षा मोती जड. चार कॅनसाठी २५ मिलिमीटरचा अँगल पुष्कळ झाला. खाली चौकोन, मधे उभ्या पट्ट्या घालून प्रत्येक कॅनला स्वतंत्र खण. खण कॅनपेक्षा किंचित मोठा ठेवायचा आणि आतून रबराची पट्टी चिकटवायची. तळाला पूर्ण पत्रा मारू नका, पाणी आणि खडे साचतात. साचलेला एक खडा लोखंडी कॅनच्या बुडाला मैलोन्‌मैल घासत राहतो. आधी रंग जातो, मग पत्र्यावर चकचकीत ठिपका दिसतो, मग गंज, मग टाचणीच्या टोकाएवढं भोक. थेंब दिसत नाही, नुसता वास येतो आणि माणूस झाकण आवळत बसतो.

चौकट हौद्याला बसवताना बोल्टखाली नुसते वायसर देऊ नका. हौद्याचा पत्रा पातळ असतो, हिसका बसला की बोल्ट वायसरसकट वर येतो. खालून निदान तळहाताएवढी जाड पट्टी द्या. आणि भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघा. हे सांगावं लागतं. हौद्याखाली डिझेलची टाकी असते, ब्रेकची नळी असते, वायरींचा झुबका असतो. इंधन सुरक्षित बांधण्यासाठी टाकीलाच भोक पाडून आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय.

तिरकस

त्यांचा इंधन साठवण्याचा प्रश्न तरी सुटला असेल, साठवायला काही उरलंच नसणार.

रानवारा

कॅनबद्दल लिहिते. मला नावेच्या इंजिनासाठी सतत पेट्रोल न्यावं लागतं, दोन्ही प्रकार वापरून झालेत.

लोखंडी कॅन उन्हात फारसा फुगत नाही, घासला तरी बराच काळ टिकतो, वाफ आरपार जाऊ देत नाही. तोटा: गंज, वजन आणि झाकणाचा वायसर. वायसर कडक होऊन त्याला चिरा पडल्या की कॅन कितीही महागाचा असो, निरुपयोगी. नायट्राईल रबराचा किंवा व्हायटनचा वायसर घ्यावा, साधं रबर पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतं.

प्लास्टिकचा कॅन हलका, गंजत नाही. पण उन्हात पोट काढतो आणि थंडीत आत जातो, त्यामुळे दुपारी आवळलेला बेल्ट पहाटे सैल. घ्यायचा तर इंधनासाठीच बनवलेला घ्या. पाण्याचा किंवा रसायनाचा कॅन धुऊन वापरणं बंद करा. बुडाशी किंवा बाजूला यूएनचा शिक्का असतो. लोखंडी असेल तर ३ए१, प्लास्टिकचा असेल तर ३एच१, आणि पुढे एक्स, वाय किंवा झेड. पेट्रोलसाठी एक्स किंवा वाय हवं, झेड चालत नाही. प्लास्टिकवर घड्याळासारखी एक छोटी तबकडी उठवलेली असते, मधला बाण कॅन कोणत्या महिन्यात तयार झाला ते दाखवतो. धोकादायक मालाच्या वाहतुकीत प्लास्टिकच्या कॅनचं आयुष्य त्या तारखेपासून ५ वर्षं धरतात. घरच्या वापरालाही मी तोच नियम लावते.

शंकासूर

रानवारा ताई, हे भारी आहे. आत्ता जाऊन घरचा कॅन उलटा करून पाहिला. तबकडीवर साल २०११ आहे.

रानवारा

त्याला आता बागेत पाणी घालायला... नको, तेही नको. रीतसर टाकून द्या.

अक्षांश

लोखंडी कॅनच्या बाजूने माझं मत. तो चपटा, बाजूंना फुलीसारखी खाच असलेला कॅन जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास तयार झाला आणि त्याच्या मूळ रचनेत अजूनही फारसा बदल झालेला नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. बाजूची फुली पत्र्याला बळकटी देते आणि आतलं इंधन प्रसरण पावलं की त्याला थोडी जागा देते. वरच्या तीन मुठींमुळे दोन माणसं एक कॅन वाटून उचलू शकतात, आणि रिकामे असतील तर एक माणूस एका हातात दोन धरतो. तोंड तिरपं आणि खांद्याच्या आत दबलेलं, म्हणजे कॅन उभा भरला तरी मुठींखाली हवेचा कप्पा शिल्लक राहतो. झाकणाला आटे नाहीत, खटका आहे. पाना लागत नाही.

सव्वाशेर

आणि मग तो खटका कुणाच्या तरी बेल्टखाली दबून उघडतो. माझ्या ओळखीच्या एकाचं हेच झालं. प्लास्टिकच्या आटेवाल्या झाकणाला ही भानगड नाही.

अक्षांश

म्हणून खटक्याला खिळ असते. ती घालायची असते.

सव्वाशेर

नसते बऱ्याच कॅनना. स्वस्तातल्या तर नाहीच.

नटबोल्ट

या मुद्द्यावर सव्वाशेर यांच्याशी सहमत (तारीख लिहून ठेवा). खिळ नसेल तर खटक्याच्या कानातून बारीक तार ओवून पिळा. आणि बेल्ट झाकणावरून न्यायचाच नाही, मुठींमधून ओवायचा. मुठीत अडकलेला बेल्ट पुढेमागे सरकतही नाही.

तिरकस

सव्वाशेर आणि नटबोल्ट सहमत! संपादकांनी धागा वर चिकटवून ठेवावा.

धुरळा

मंडळी, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. मनापासून आभार. आतापर्यंत ठरलं ते असं: पेटी सोडवून फाळक्याकडे न्यायची, कॅन लोखंडी, केबिनला चिकटवून, खाली मॅट, नटबोल्ट म्हणतात तशी हलकी चौकट.

आता पुढचे प्रश्न. १) कॅनवर ऊन पडेल, ताडपत्री घट्ट लपेटावी का? की हौद्यावर बंद कॅनोपीच बसवून घेऊ, मित्राकडे एक पडून आहे. २) काठोकाठ भरले तर चार कॅनमध्ये लिटर-दोन लिटर जास्त मावतील, काय हरकत आहे?

वंगण_काका

दुसऱ्याचं उत्तर आधी. काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग वाढतं, डिझेल त्याहून किंचित कमी. पहाटे १० अंशांना भरलेला २० लिटरचा कॅन दुपारी हौद्यात ४० अंशांवर गेला की आतलं पेट्रोल अर्ध्या लिटरहून जास्त वाढलेलं असतं. त्याला जागा नसेल तर ते स्वतःची जागा करून घेतं, झाकणातून. १९ लिटरवर थांबा.

उलट टोकही वाईट. अर्धे भरलेले कॅन प्रत्येक ब्रेकला डुचमळतात. म्हणून एक कॅन पूर्ण ओतून संपवायचा, मग दुसरा उघडायचा. सगळ्यांतून थोडंथोडं काढत बसू नये.

रानवारा

बंद कॅनोपीबद्दल जपून. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असलं की ठिणगीची वाट बघत बसते. आणि कॅनोपीत लोक काय ठेवतात? दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, छोटा फ्रिज. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद होतो. डिझेल त्या मानाने गरीब, त्याच्या वाफेला पेट घ्यायला ५५ अंशांच्या आसपास किंवा वर तापमान लागतं. पेट्रोलला उणे ४० लाही लागते, म्हणजे आपल्याला भेटेल त्या प्रत्येक हवामानात.

कॅनोपी लावायचीच तर पेट्रोलचा कॅन बाहेर, किंवा तळाशी जाळीच्या झडपा करून. खिडकी उघडी ठेवल्याने भागत नाही, खिडकी वर असते.

ताडपत्री घट्ट लपेटली तर तिच्याखालीही तेच होतं. वर फिक्या रंगाचं कापड छपरासारखं ताणा, चारी बाजू मोकळ्या.

नटबोल्ट

उन्हाइतकीच खालची उष्णताही बघा. नवीन डिझेल गाड्यांत धूर गाळायची जाळी असते, ती स्वतःला साफ करताना आतला गॅस ६०० अंशांपर्यंत तापतो. ती कुठे आहे आणि तिच्यावरच कॅनचं बूड येतंय का, ते गाडीखाली झोपलाच आहात तर बघून घ्या.

शंकासूर

म्हणजे या धाग्याचं सार काय, तर गाडीखाली झोपा.

नटबोल्ट

इंजिन बंद करून.

ताशी_तीस

रात्र झाली.

वरचं सगळं वाचलं. बांधण्याबद्दल काकांनी आणि नटबोल्ट यांनी लिहिलंय त्यात भर घालायला फारसं नाही. पण आग लागते ती बऱ्याचदा प्रवासात नाही, कॅन भरताना. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मोठा प्रतिसाद.

धुरळा, तुमच्या हौद्यात प्लास्टिकचं लायनर आहे. कॅन हौद्यातच ठेवून पंपाची नळी त्यात घालायची नाही. भरलेला कॅन उचलायला नको म्हणून अनेकजण नेमकं हेच करतात. नळीतून वाहणारं पेट्रोल विद्युतभार घेऊन कॅनमध्ये येतं. कॅन जमिनीवर असेल तर तो भार जमिनीत उतरतो. प्लास्टिकच्या लायनरवर असेल तर जायला वाटच नाही, तो कॅनवर साठत जातो. नळीचं धातूचं तोंड कॅनच्या काठाजवळ आलं की ठिणगी, आणि ती पडते बरोबर तिथे जिथून वाफ बाहेर येत असते. पेट्रोलच्या वाफेला पेटायला मिलिज्यूलचा पाचवा भागसुद्धा पुरतो. आपल्या बोटाला जो झटका जाणवतो त्याहूनही कमी. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ साली खास याच प्रकाराबद्दल, म्हणजे लायनरवाल्या पिकअपमध्ये कॅन भरण्याबद्दल, इशारा काढला होता.

तेव्हा कॅन खाली उतरवा, जमिनीवर ठेवा, शेजाऱ्यांपासून लांब. नळीचं तोंड कॅनच्या काठाला टेकवा आणि भरून होईपर्यंत टेकलेलंच राहू द्या. सावकाश भरा. खटका लावून नळी सोडून देऊ नका. झाकण लावा, सांडलेलं पुसा, वाफ उडू द्या, मग वर चढवा. प्लास्टिकचा कॅनही जमिनीवरच.

आणि एक गोष्ट जी ऐकायला निरुपद्रवी वाटते: आधी पेट्रोल असलेल्या कॅनमध्ये डिझेल भरू नका. आत पेट्रोलची उरलेली वाफ, डिझेल तिला थोडंथोडं शोषत जातं, आणि जी वाफ आधी पेटायला जास्तच दाट होती ती नेमकी पेटण्याजोगी होते. वर डिझेल ओतताना भारही तयार होतोच. तेल कंपन्यांच्या टँकर भरणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. आपण मात्र "कॅन रिकामाच तर आहे" म्हणतो.

तिरकस

ताशी_तीस, तुमच्याबद्दल वर जे बोललो ते मागे घेतो. निम्मं.

सव्वाशेर

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण मग पंपावर मोबाईल बंद करायला लावतात ते कशासाठी? तीही ठिणगीच ना?

ताशी_तीस

अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपावरच्या आगींची प्रकरणं गोळा केली होती. मोबाईलमुळे लागलेली एकही आग सिद्ध झाली नाही. पुष्कळ प्रकरणांत माणूस नळी लावून गाडीत जाऊन बसला, सीटवर घासून भारित झाला आणि परत येऊन थेट नळीला हात लावला. तरी पंपावर मोबाईल खिशात ठेवावा, कारण बोलताना लक्ष कॅनवर नसतं.

शंकासूर

म्हणजे झाकण उघडायच्या आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा?

ताशी_तीस

हो. रंगावर नाही, धातूवर. जनरेटरमध्ये ओततानाही तसंच, आणि तो बंद करून गार होऊ द्यायचा. चालू जनरेटरच्या तापलेल्या सायलेन्सरवर नरसाळं डुगडुगवत पेट्रोल ओतणारी माणसं पाहिली की मी पाठ फिरवून चालू लागतो. वेगाने.

अक्षांश

बेल्टबद्दल दोन शब्द राहिले. बेल्टवर शिवलेली निळी किंवा पांढरी पट्टी वाचा. त्यावर 'एलसी' आणि पुढे आकडा असतो, एकक डेकान्यूटन, म्हणजे ढोबळमानाने किलोच. बेल्टने सुरक्षितपणे धरण्याचा जोर तो. दुकानदार तुटण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात, त्यावर जाऊ नका. पट्टीच फाटली असेल किंवा अक्षरं उडाली असतील तर तो बेल्ट ताडपत्रीसाठी ठेवा. पॉलिएस्टरचा घ्या, नायलॉनचा ओला झाला की ताणतो.

बांधताना बेल्टला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात फडफडतो आणि फडफडून सैल होतो. अँगलच्या धारेवरून जात असेल तर मधे रबराचा तुकडा घाला. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून परत आवळा, मॅट आणि रबर दबून बसलेलं असतं. त्यानंतर प्रत्येक थांब्याला हात लावून बघा.

रानवारा

आणि अग्निशामक नळकांडं कॅनच्या शेजारी बांधू नका, प्लीज. सगळीकडे तसंच दिसतं, फोटोतही छान दिसतं. आग लागली की नेमकं तिथेच हात पोहोचत नाही. कोरड्या पावडरचं घ्या आणि केबिनमध्ये दाराजवळ लावा.

नटबोल्ट

कुलपाचा मुद्दा कुणी काढला नाही. चोरीच्या भीतीने लोक चौकटीवर साखळदंड घालतात. मी सांगतो, कुलूप एकच ठेवा, आडव्या दांडीला, आणि किल्ली गाडीच्या किल्लीसोबत. गळणारा कॅन उतरवायचा असताना चार कुलपांच्या चार किल्ल्या शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

सव्वाशेर

मी दोन रॅचेट बेल्ट मागवलेत. कुणी काही बोलू नये.

तिरकस

(काही बोलत नाहीये.)

धुरळा

चौकट झाली. पेटी मागे गेली. भोकं पाडायच्या आधी खाली झोपून पाहिलं, एका ठिकाणी वायरींचा झुबका अगदी रेषेत होता, ती जागा चार बोटं सरकवली. पेट्रोलचा कॅन लाल आणि डिझेलचे पिवळे केलेत, शिवाय दोन्हींवर ठळक अक्षरांत नाव लिहिलंय, म्हणजे रात्री विजेरीच्या उजेडात गोंधळ नको. पेट्रोलचा डाव्या टोकाच्या खणात, सायलेन्सर उजवीकडून जातो म्हणून.

एक शेवटची शंका. वाटेत कॅन रिकामे होत जातील. रिकाम्यांची झाकणं उघडी ठेवली तर वाफ निघून जाईल ना? आणि त्यांना नीट बांधायची गरज आहे का, हलकेच तर असतील.

वंगण_काका

उघडी ठेवू नका. पेट्रोलच्या भरलेल्या कॅनमध्ये वाफ एवढी दाट असते की सहसा पेटत नाही. रिकाम्या, उघड्या कॅनमध्ये ती हवेत मिसळून पेटण्याजोगी होते आणि खूप वेळ तशीच राहते. झाकण घट्ट लावून, खटक्याला खिळ घालून त्याच खणात, त्याच बेल्टखाली ठेवा. चार किलोचा पत्र्याचा डबा घाटात हौद्याबाहेर उडाला तर मागच्या मोटारसायकलवाल्याला तो हलका वाटणार नाही.

नटबोल्ट

आणि एक खण रिकामा झाला की शेजारच्याला डोलायला जागा मिळते, म्हणून रिकामा कॅन परत जागेवर गेलाच पाहिजे. बेल्ट पुन्हा आवळून घ्या.

धुरळा

समजलं. मग मधले दोन डिझेलचे आधी संपवू की टोकाचा?

अक्षांश

टोकाचा आधी. मधल्यांना दोन्हीकडून शेजार आहे, त्यांना भरलेलं राहू द्या.